पट्टी सरळच आहे

४ नोव्हेंबर, सोमवार

पेंटर येऊन गाडी बघून गेला. अठरा तारखेला घेतो म्हणाला, पण एका अटीवर. दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्या आपण काढून द्यायच्या.

"एकदा एका गिऱ्हाइकाची पट्टी माझ्या हातून वाकली, ताई. तेव्हापासून मी पट्टीला हात लावत नाही. तुम्ही काढा, तुम्हीच लावा. मधला रंग माझा."

अठरा तारीख हुकली तर तो दुकान नव्या जागेत हलवणार, आणि मग थेट मार्च. आम्हाला गाडी डिसेंबरात हवी. लेकीने नवं घर घेतलं आहे आणि "बाबा, तुमच्याच गाडीतून या" असा तिचा हट्ट आहे.

गाडी आमच्या लग्नाहून सहा वर्षांनी मोठी. हे तिला बाईसाहेब म्हणतात. घरात "बाईसाहेब तापल्यात" असं ऐकू आलं की कुठल्या, ते विचारून घ्यावं लागतं.

पट्ट्या एकूण आठ. पुढचं मडगार्ड, पुढचं दार, मागचं दार, मागचं मडगार्ड, अशा एका बाजूला चार. आता त्या कुठेही मिळत नाहीत. एक जरी वाकली तर विषय संपला.

मला वाटलं होतं हे बाह्या सरसावून उठतील. गाडीचं काम कुणाला करू द्यायचे नाहीत कधी. पण खुर्चीतूनच म्हणाले, "तू काढ. मी सांगतो."

"मी? मी जन्मात नट फिरवलेला नाही."

"दुकानदारांना पिळण्यात जन्म गेला तुझा. नट काय अवघड आहे?"

बत्तीस वर्षं मी वजनमाप खात्यात तपासनीस होते, त्यावर हा टोमणा. मला लागला नाही. उद्यापासून काम सुरू. निवृत्त झाल्यापासून हे आळशी होत चालले आहेत, तेही इथे नोंदवून ठेवते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कामाला पद्धत हवी. वहीत गाडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र काढलं. पट्ट्यांना क्रमांक दिले, डावी एक ते चार, उजवी एक ते चार. प्रत्येकीची लांबी मोजून लिहिली. रंगावर ओरखडा जाऊ नये म्हणून पट्टीच्या वर आणि खाली कागदी चिकटपट्टी लावून घेतली. हे स्टुलावर बसून रेडिओ ऐकत होते. हल्ली पेपर वाचत नाहीत. पेपरात काही नसतं म्हणतात. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेला माणूस.

मग पट्टी कशी बसवलेली असते ते त्यांनी समजावलं. मधे मधे क्लिपा असतात, पत्र्याच्या भोकांत दाबून बसवलेल्या. पण दोन्ही टोकांना पत्र्याच्या मागून नट असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

"आधी नट, मग क्लिपा. नट न काढता ओढलीस तर टोक वाकलंच म्हणून समज."

"दोनदा सांगू नका. मी लिहून घेतलंय."

"लिहून घेतलंस म्हणजे निघालीच पट्टी."

सगळ्या नटांना गंज सोडवायचं तेल लावून ठेवलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डावी एक निघाली.

मडगार्डाच्या आत, चाकाच्या वर, जुन्या सतरंजीवर आडवी होऊन आधी चिखल खरवडला. हा चिखल बहुधा आमच्या लग्नाआधीचा. मग नट सापडला. तो हलेना. मी दोन्ही हातांनी पाना ओढला.

"जोर नको. आधी जरासा आवळ, मग सोड."

"सोडवायचाय, आवळायचा नाही."

"अगं, आवळून तर बघ."

आवळला. कट्‌कन गंज तुटला आणि नट सुटला. हे मला पटलेलं नाही, पण घडलं तसं लिहिते. मग लाकडी पाचर घेऊन एकेक क्लिप उचलली. स्क्रू ड्रायव्हर वापरू देत नाहीत, पत्र्याला पोचा येतो म्हणून. पट्टी सबंध हातात आली तेव्हा नोकरीतली पहिली जप्ती आठवली. तसाच आनंद.

मधे नट हातातून निसटून ह्यांच्या चपलेशी जाऊन थांबला. "पायाशी आहे, द्या," म्हटलं. हे वाकले आणि फरशीवर तळहात फिरवत बसले. नट चपलेच्या टोकाला, चांगल्या उजेडात. शेवटी मीच उचलला.

"समोरचं दिसत नाही का?"

"तू असताना समोर बघायची हिंमत कुणाची?"

बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या दाराची पट्टी म्हणजे दाराचं आतलं आवरण काढणं आलं. काच वर-खाली करायचं हँडल, दाराची मूठ, बारा स्क्रू. ते सगळं क्रमाने डब्यांत ठेवलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आवरण निघाल्यावर दाराच्या पोटात हात जाईल एवढं भोक दिसलं. बॅटरी मारून पंधरा मिनिटं शोधलं, नट दिसेना.

हे उठले. बॅटरी घेतली नाही. भोकात कोपरापर्यंत हात घातला, तोंड भिंतीकडे, जणू रेडिओच ऐकताहेत. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हा बघ. पाना दे, दहाचा." मी पाना तळहातावर ठेवला. नट त्यांनीच सोडवला.

चांगलं काम केलं तर चांगलं म्हणावं. तसं म्हटलंही. पण एक सवय त्यांना नव्याने लागली आहे ती बरी नाही. मी बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या बाजूला बघतात. माप चोरणारे दुकानदार असंच बघायचे. काय लपवताहेत कोण जाणे. बहुतेक सिगरेट.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज खडाजंगी झाली आणि मी जिंकले.

डावी तीन, मागच्या दाराची, काढायला बसले होते. पाचर लावायच्या आधीच हे स्टूल सरकवून जवळ आले आणि म्हणाले, "थांब. ही वाकलीय."

"कुठे?"

"मधे. लाट आलीय बघ पट्टीला. तू शेजारची काढताना दाबली असशील."

"मी हिला अजून शिवलेही नाही."

"मग आपोआप वाकली?"

"वाकलेली नाहीच."

"मला दिसतंय ना."

हे ऐकून घेणारी मी नव्हे. आतून शिवणाचा दोरा आणला. एक टोक त्यांच्या हातात दिलं, पट्टीच्या मागच्या टोकावर धरायला लावलं, दुसरं मी पुढे ताणून धरलं. दोरा आणि पट्टी यांच्यात केस जाईल एवढीही फट नव्हती. वर पोलादी फूटपट्टी लावून दाखवली.

"पट्टी सरळच आहे," मी म्हटलं. "बत्तीस वर्षांत माझं माप कुणी खोडलेलं नाही."

हे दोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोराही वाकडा दिसतोय."

"तुमची मान वाकडी आहे."

एरवी यावर चार वाक्यं आली असती. आज दोऱ्याचं टोक सोडून दिलं, हात पुसले आणि आत गेले. चूक कबूल करणं या माणसाला कधी जमलं नाही. पट्टी मी एकटीने काढली. सबंध, सरळ.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हे दिवसभर गप्प. स्टुलावरही आले नाहीत. चहा ओतला तो कप भरून बशीत, बशीतून टेबलावर. पुसायला मी होतेच.

ड्रायव्हिंग लायसन्सचा फॉर्म महिनाभर टेबलावर पडून आहे. डिसेंबरात मुदत संपते. डोळे तपासल्याचा दाखला जोडायचा, एवढंच काम. मी पुन्हा आठवण केली.

"करतो."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

दोऱ्याचा राग फॉर्मवर काढताहेत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डावी चार आणि उजवी एक ते तीन, अशा चार पट्ट्या दोन दिवसांत काढल्या. हात आता बसला आहे. क्लिप कुठे आहे ते पाचरीला कळतं, पाचरीकडून मला कळतं. लेकीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होते. तिला ते खरंच वाटेना. म्हणाली, "आई, फोटो पाठव." मी म्हटलं, "फोटो काढायला हात मोकळे नाहीत."

हे आज परत स्टुलावर आले. सूचना कमी, उसासे जास्त.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आठवी पट्टी निघाली. एकही वाकली नाही. क्लिपा बावन्न, त्यांतल्या चार तुटल्या, त्या पेंटर आणून देणार आहे. पट्ट्या जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळून, क्रमांक लावून, आतल्या खोलीत पलंगाखाली सरळ ठेवल्या.

गाडी आता विचित्र दिसते. दोन्ही अंगांना भोकांची ओळ आणि जिथे पट्टी होती तिथे मूळचा गडद रंग. ह्यांनी त्या रेषेवरून पुढून मागपर्यंत बोटं फिरवली. म्हणाले, "छान केलंस." मग कानाच्या बाजूला बघून पुन्हा म्हणाले, "फार छान केलंस." दोनदा कशाला, ते कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी गाडी पेंटरकडे न्यायची, म्हणून आज बाहेर काढून धुवायचं ठरलं होतं.

हे म्हणाले, "पेंटरलाच बोलावू. तोच नेईल."

"चार किलोमीटरसाठी? आणि आज फाटकापर्यंत काढायला काय झालं?"

हे गाडीत जाऊन बसले. मी नेहमीप्रमाणे फाटकाच्या दोन खांबांच्या मधे उभी राहिले आणि हात केला. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना. मी पुन्हा हात केला. "या, सरळ या," म्हणून ओरडले. इंजिन बंद झालं.

मी तरातरा खिडकीशी गेले. काय बोलायचं ते जिभेवर तयार होतं. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"तू कुठे उभी होतीस?" त्यांनी विचारलं.

"समोर. दुसरीकडे कुठे उभी राहणार?"

"आवाज समोरून आला म्हणून कळलं. तिथे मला डाग दिसतो एक. तू आहेस की खांब आहे, सांगता येत नाही." मग म्हणाले, "मी गाडी नाही काढणार. तुझ्या अंगावर घालीन."

मी वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"कधीपासून?"

"मार्चपासून. उजवा डोळा आधी. मधलं पुसल्यासारखं झालं, कडेचं दिसतं. डावा चांगला आहे अशा समजुतीत होतो."

"मग?"

"तू परवा दोरा धरलास ना. दोरा तर वाकडा असू शकत नाही. तेव्हा कळलं, डावाही चालला."

हँडब्रेक लावला का, एवढंच विचारलं. "लावलाय," म्हणाले.

१७ नोव्हेंबर, रविवार

रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे मागची पानं वाचली. नट, चहा, पेपर, कानाच्या बाजूला बघणं. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेनिशी.

सोमवारी मी दोरा ताणला. माणसाचं उत्तर चुकलं हे सिद्ध केलं आणि उठले. ते का चुकलं, हे विचारलं नाही. खात्यात कुणा तपासनिसाने असा अहवाल दिला असता तर मी तो तोंडावर परत फेकला असता.

मार्चमध्ये ते चष्म्याच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. गेले नाहीत.

"का नाही गेलात?"

"इंजेक्शन डोळ्यात देतात म्हणे. थेट डोळ्यात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नेलं असतंस."

हे खरं आहे.

त्यांना वाटत होतं, डिसेंबरपर्यंत डावा डोळा टिकेल, एकदा लेकीकडे गाडीतून जाऊन येऊ, मग सांगू. तीनशे किलोमीटर. मला शेजारी बसवून. यावर मला जे बोलायचं होतं ते मी सकाळी नऊ ते साडेनऊ बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता बरं वाटतंय. इतके दिवस घर फार शांत होतं."

लेकीला फोन केला. ती आधी रडली. मग म्हणाली, "आई, बाबांना ओरडू नकोस हं."

"मी कधी ओरडते?"

तिने विषय बदलला.

डोळ्यांच्या दवाखान्याचा तातडीचा नंबर तिनेच शोधून दिला. वेळ मिळाली ती उद्याची, सकाळी अकराची. म्हणजे पेंटरचीच. मी पेंटरला फोन करून आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि गाडी मार्चमध्ये देते म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, पट्ट्या निघाल्यात ना सगळ्या?"

"आठही."

"मग मार्च कशाला? मी येतो, गाडी नेतो. काकांना वाटेत दवाखान्यात सोडतो."

१८ नोव्हेंबर, सोमवार

पेंटर दहाला आला. हे पुढे, त्याच्या शेजारी बसले. मी मागे. या गाडीत मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले. गुडघ्यांना जागा नाही, ही तक्रार आमच्या पाहुण्यांनी कधी केली नव्हती. भिडस्त लोक.

"दुसरा गिअर हळू टाक. अडतो तो."

"हो काका."

"वळणावर आधीच सोड."

"काका, गाडी मी चालवतोय ना?"

"म्हणून तर सांगतोय."

सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस आमच्या भोकांच्या ओळीकडे टक लावून बघत होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने काच वर केली.

दवाखान्यात तीन तास गेले. थेंब, यंत्रं, फोटो. एका कागदावर बारीक चौकटी, मधे ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि कुठल्या रेघा वाकड्या दिसतात ते सांगायचं. उजव्या डोळ्याने ह्यांना ठिपकाच दिसला नाही. डाव्याने मधल्या सात रेघा वाकड्या.

डॉक्टर बाई लेकीच्या वयाच्या, बोलायला सडेतोड. मला आवडल्या. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण झाला आहे, तो भरून येणार नाही. डाव्यात पाणी झिरपतं आहे, पण ते अलीकडचं आहे. इंजेक्शन आजच द्यायचं, मग दर महिन्याला. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, पण आहे ते टिकवता येईल अशी चांगली शक्यता आहे. "महिनाभर आणखी थांबला असतात तर हे बोलता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "लक्षात कसं आलं?"

"पट्टीवरून," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, तुमचे पेशंट खोळंबलेत."

इंजेक्शनच्या वेळी मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांत हे डोळ्यावर पारदर्शक झाकण लावून बाहेर आले. "मुंगी चावली एवढंच," म्हणाले. आठ महिने एका मुंगीला घाबरून काढले. हे मी मोठ्याने बोलले नाही. नोंद मात्र करते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं आहे. लायसन्सचा फॉर्म ह्यांनी स्वतः घडी घालून कपाटात ठेवला. मी स्वयंपाकघरात होते. मुद्दामच होते.

दुपारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. टेबलावरच्या माणसाने वय विचारलं. सहासष्ट.

"आता कशाला शिकताय, आजी?"

"मी तुमचं वय विचारलं का?"

पहिला धडा मंगळवारी. डिसेंबरपर्यंत मला ते येणार नाही, उगाच आव आणण्यात अर्थ नाही. तेव्हा जावई येऊन आम्हाला गाडीतून नेणार. मार्चपर्यंत मला चालवता येईल. ह्यांना सांगितलं तेव्हा आधी हसले, मग म्हणाले, "दुसरा गिअर हळू टाकायचा."

२४ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी चौकटींचा तो कागद घरी दिला आहे. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा, डाव्याने ठिपक्याकडे बघायचं आणि वाकड्या रेघा किती ते लिहून ठेवायचं. आकडा वाढला तर त्याच दिवशी फोन. कागद दाराच्या चौकटीला डोळ्यांच्या उंचीवर लावला आहे. पहिला दिवस सात. काल सहा. आज सहा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

रेघा: ०.

मी दोनदा विचारलं. "सगळ्या सरळ," म्हणाले. इतक्या लवकर. मी लगेच लेकीला कळवलं. ती फोनवर नाचली असावी, तसा आवाज येत होता. पेंटरचाही फोन आला, गाडीवर पहिला हात मारून झाला आहे, पुढच्या शनिवारी पट्ट्या लावायला या म्हणतो. आजच्यासारखा दिवस बऱ्याच महिन्यांत आला नव्हता.

काल ड्रायव्हिंगच्या पहिल्या धड्यात गाडी तीनदा बंद पडली. शिकवणारा म्हणाला, एका धड्याला तीनदा म्हणजे पुष्कळ झालं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी हे कागदासमोर उभे राहिले, उजव्या डोळ्यावर हात. मी वही घेऊन शेजारी.

"किती?"

"तीन."

"काल शून्य होत्या. वाढल्या म्हणजे. फोन करते."

"थांब. वाढल्या नाहीत." हात डोळ्यावर तसाच. "काल चार होत्या."

"मग शून्य का सांगितलंत?"

"मंगळवारी तीनदा गाडी बंद पाडून आलीस. तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, तुला जरा बरं वाटेल."

"बरं वाटायला मी आकडे लिहीत नाही."

"माहीत आहे. म्हणून रात्रभर मनाला लागून राहिलं."

म्हणजे चारवर होत्या त्या तीनवर आल्या. खाली येताहेत. शून्यापेक्षा हे मला जास्त आवडलं, कारण हे मोजलेलं आहे. लेकीलाही आजच कळवायला हवं, तिची नाराजी मी सोसेन.

खात्यात नियम होता. नोंद चुकली तर कागद फाडायचा नाही. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ, वर खरा आकडा, आणि शेजारी ज्याचं माप त्याची सही. मी कालचं पान काढलं, शून्यावर रेघ मारली, वर चार लिहिले आणि वही ह्यांच्यापुढे ठेवली. ही वही आजवर मी कुणाच्या हातात दिलेली नाही.

"यात माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस?"

"सगळं. सही करा."

"कुठे?"

त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. त्यांनी बोट तिथेच ठेवून शेजारी सही केली. ओळीच्या जरा खाली गेली आहे. चालेल.